मानवी देहाचं प्रदर्शन, कोल्हापूर: काय बघावं, कुठं थांबावं

शहरातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागानं आपलं संग्रहालय थोड्या दिवसांसाठी सगळ्यांना खुलं केलंय. एरवी ही दालनं एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाच्या मुलांपुरतीच असतात, त्यामुळं संधी आहे तोवर जाऊन यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. नमुने खरे आहेत आणि बहुतेक चांगल्या स्थितीत आहेत. कमी पडलीय ती माहिती.

आत शिरल्या शिरल्या डोळे चुरचुरतात, ते फॉर्मॅलिनमुळं. बाजारातलं फॉर्मॅलिन म्हणजे पाण्यात मुरवलेला ३७ ते ४० टक्के फॉर्माल्डिहाइड वायू. नमुन्यांसाठी ते साधारण दहापट पातळ करतात. ते प्रथिनांचे धागे एकमेकांना जखडून टाकतं. त्यामुळं कुजणं थांबतं, पण मांस ताठरतं आणि रक्ताचा लाल रंग जाऊन सगळं करडं, मातकट दिसू लागतं. बरणीतलं हृदय पुस्तकातल्या चित्रासारखं लालभडक का नाही, हा प्रश्न तिथं सारखा कानावर येतो. त्याचं उत्तर हेच. हा वायू कर्करोगकारक पदार्थांच्या यादीत आहे. घटकाभर बघून येणाऱ्याला घाबरायचं कारण नाही, पण दमेकऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी बरण्यांचा हा भाग टाळावा.

बरणी कशी बघायची तेही सांगतो. आधी द्रावणाची पातळी बघा. झाकणाचं सील ढिलं झालं की द्रावण उडत जातं, नमुन्याचा उघडा पडलेला भाग चामड्यासारखा वाळतो आणि नंतर कितीही द्रावण भरलं तरी तो पहिल्यासारखा होत नाही. द्रावण पिवळं पडलं असेल तर नमुन्यातला रंग आणि चरबी त्यात उतरलीय असं समजा. इथं पचनसंस्थेच्या रांगेतल्या काही बरण्या इतक्या गढूळ झाल्यात की यकृताची कडसुद्धा नीट दिसत नाही. लोकांसाठी दालन उघडण्याआधी निदान तेवढ्या बरण्यांचं द्रावण बदलायला हवं होतं.

मधल्या टेबलावरचे कोरडे, बिनवासाचे नमुने प्लास्टिनेशनचे. हे तंत्र गुंथर फॉन हागेन्स यांनी १९७७ मध्ये जर्मनीत हायडेलबर्गला शोधलं. नमुना आधी फॉर्मॅलिनमध्ये पक्का करतात, मग हवा तसा सोलून मोकळा करतात. पुढं उणे २५ अंशांच्या गार ॲसिटोनमध्ये तो पुन्हा पुन्हा बुडवतात. दर वेळी ॲसिटोन बदलायचा, म्हणजे पेशींतलं पाणी निघून त्याची जागा ॲसिटोन घेतो. शेवटी साध्या तापमानाच्या ॲसिटोनमध्ये चरबी विरघळते. मग नमुना पातळ सिलिकॉनमध्ये बुडवून निर्वात टाकीत ठेवतात. दाब उतरवला की ॲसिटोन बुडबुड्यांनी बाहेर पडतो आणि रिकाम्या जागेत सिलिकॉन ओढलं जातं. एका वायूच्या संपर्कात ते घट्ट झालं की काम संपलं. अख्ख्या देहाला साधारण १,५०० तासांचं काम आणि वर्षभराचा काळ लागतो.

बिघडतं ते निर्वात टाकीत. दाब घाईनं उतरवला तर ॲसिटोन भसाभस निघून जातो, दाट सिलिकॉन तितक्या वेगानं आत पोचत नाही आणि नमुना आक्रसतो. इथल्या मेंदूचं हेच झालंय. त्याच्या वळ्या बारीक झाल्यात आणि मधल्या भेगा रुंदावल्यात. म्हातारपणी झिजलेला मेंदूही असाच दिसतो, त्यामुळं बघणाऱ्याची फसगत होणार. शेजारी दोन ओळींची पाटी लावली असती तर भागलं असतं.

सगळ्यांत सरस आहे ते आडवं कापलेलं हृदय. इथं घाई करू नका. डाव्या जवनिकेची, म्हणजे हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्याची, भिंत उजवीच्या जवळजवळ तिप्पट जाड आहे, कारण उजवीला शेजारच्या फुफ्फुसापर्यंतच रक्त ढकलायचं असतं आणि डावीला पार पायाच्या अंगठ्यापर्यंत. हृदयाच्या समोरून खाली उतरणारी रोहिणी शोधा. जेमतेम तीन-चार मिलिमीटरची. अँजिओप्लास्टी झालेला माणूस घरात असेल, तर स्टेंट, म्हणजे रोहिणी उघडी ठेवणारी जाळीची नळी, केवढ्याशा जागेत बसवतात ते इथं डोळ्यांनी कळतं.

फुफ्फुसांच्या टेबलावर मात्र आमची हरकत आहे. काळ्या फुफ्फुसावर ‘धूम्रपान करणाऱ्याचे फुफ्फुस’ एवढीच चिठ्ठी आहे. काळेपणा काजळीचा असतो आणि ती शहराच्या धुरातूनही साचते, चुलीपुढं जन्म काढलेल्या बाईच्या फुफ्फुसातही साचते. नुसत्या रंगावरून विडी-सिगारेटचा निकाल देता येत नाही. वरच्या भागातली फुगून फुटलेली मोठाली छिद्रं बघा, सिगारेटची खूण ती जास्त खरी. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत वाळूत काम करणारी माणसं हे प्रदर्शन बघायला येतायत. त्यांच्यासाठी सिलिकाच्या धुळीनं फुफ्फुसात होणाऱ्या कडक गाठींवर एक ओळसुद्धा नसावी, हे आम्हाला खटकलं.

तालमीतली पोरं मान-खांद्याच्या नमुन्यापाशी रेंगाळतात. त्याच नमुन्यात कानाची कूर्चा मोकळी करून दाखवलीय. कूर्चेला स्वतःची रक्तवाहिनी नसते, वरच्या पातळ आवरणातूनच तिचं पोषण होतं. कुस्तीत कान घासला-चेपला की या दोघांच्या मध्ये रक्त साचतं, कूर्चा उपाशी मरते आणि तिथं गाठाळ भर येऊन पैलवानाचा कान तयार होतो. साचलेलं रक्त डॉक्टरांकडून लवकर काढून घेऊन दाबपट्टी बांधली तर कान वाचतो. कुस्तीच्या या गावात एवढं तरी कुणीतरी उभं राहून समजावून सांगायला हवं.

गर्भाच्या बरण्या वेगळ्या खोलीत ठेवल्यात आणि बाहेर तशी सूचना लावलीय, हे योग्य केलं. त्यातले लाल हाडांचे पारदर्शक नमुने चुकवू नका. पोटॅशच्या द्रावणानं मांस पारदर्शक करतात, अलिझरिन या लाल रंगानं हाडांतलं कॅल्शियम रंगवतात आणि ग्लिसरीनमध्ये ठेवतात. दिवस भरत आलेल्या गर्भाचं मनगट बघा, तिथं लाल काहीच नाही. मनगटाची आठही हाडं जन्माच्या वेळी कूर्चेचीच असतात आणि पुढं काही वर्षांत एकेक करून पक्की होतात. वयोगटाच्या स्पर्धांत वय तपासायला मनगटाचाच एक्स-रे काढतात तो यामुळं.

आता सगळ्यांत मोठी उणीव. एक आज्जी उभ्या देहापुढं थांबून स्वयंसेवक मुलीला विचारत होत्या, “बाळा, ह्यो खराच माणूस हाय व्हय?” मुलगी म्हणाली, “हो आज्जी, खरेच. त्यांनी देहदान केलंय.” आज्जींनी हात जोडले. हे उत्तर दारातच मोठ्या मराठी अक्षरांत हवं होतं. देह कुठून आले हे जगभर अशा प्रदर्शनांना विचारलं जातं. न्यूयॉर्कमध्ये एका कंपनीला २००८ मध्ये देहांच्या उगमाची खात्री देता येत नसल्याचं प्रेक्षकांना जाहीर सांगावं लागलं, आणि पॅरिसच्या न्यायालयानं २००९ मध्ये असं एक प्रदर्शन बंदच केलं. आपल्याकडं १९४९ च्या शरीररचना कायद्यानुसार दान केलेले आणि बेवारस देह महाविद्यालयांना मिळतात. कुठला नमुना कशातून आला, हे लपवण्यासारखं काहीच नाही. मग लिहा की!

देहदानाचे अर्ज बाहेरच्या टेबलावर मिळतात. अर्ज भरून ठेवला तरी ऐनवेळी नातेवाइकांची संमती लागतेच, म्हणून घरात आधी बोलून ठेवा. मृत्यूनंतर लगेच विभागाला फोन करा. डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला आणि ओळखपत्रं जवळ ठेवा. शवविच्छेदन झालेला देह सहसा घेत नाहीत, कारण मानेच्या किंवा जांघेच्या रोहिणीतून सोडलेलं, देह टिकवणारं द्रावण कापलेल्या वाहिन्यांमधून गळून जातं, अंगभर पोचत नाही. कावीळ-बी, एचआयव्ही किंवा रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग असेल तरीही नकार येतो. नेत्रदान मात्र देह सोपवण्याआधी करता येतं, मृत्यूनंतर सहा तासांच्या आत.

वेळ दीड तास धरा. शनिवार-रविवारी शाळांच्या रांगा असतात, त्यामुळं आडवारी सकाळीच गेलेलं बरं. फोटोला बंदी आहे आणि ती पाळावी. पाचवीच्या खालच्या मुलांना नेऊ नका, मोठ्यांना आधी सांगून न्या. चिठ्ठ्या बहुतेक इंग्रजीत आहेत, तेव्हा दारातच एखाद्या विद्यार्थ्याला बरोबर घ्या. विचारलं की ही पोरं मनापासून सांगतात.