मियावाकी की राखलेलं रान? कंपनीच्या पैशातून मराठवाड्यात जंगल उभं करताना

मियावाकी म्हणजे स्थानिक झाडांची रोपं दाट लावून जंगल उभं करायची जपानी पद्धत. तिच्यात एका चौरस मीटरला ३-४ रोपं बसतात, म्हणजे हेक्टरी ३० हजारांच्या वर. जमीन मीटरभर खोल उकरून शेणखत आणि भुसा मिसळायचा, वर आच्छादन, मग २-३ वर्षं पाणी. शहरातल्या कारखान्याच्या आवारात, पाण्याची सोय असेल तर, हे जमतं. मराठवाड्यातल्या बालाघाट डोंगररांगेच्या मुरमाड माळावर मात्र उन्हाळ्यात टँकर थांबला की रोपं वाळतात. शिवाय पवन्या-मारवेलचं गवत उकरून टाकलं, तर माळाचं नुकसानच.

दुसरी वाट म्हणजे आहे ते रान राखणं. पळस, धावडा, खैर तोडले तरी बुंध्यातून फुटतात. चराई आणि आगीमुळे फुटवे वर येत नाहीत, एवढंच. बुंध्यावर दोनच जोमदार फुटवे ठेवून बाकीचे छाटायचे. उतारावर पाणी अडवायला समतल चर (एकाच उंचीवर आडवे खणलेले) काढायचे, त्यांच्या भरावावर हिवर-बोरीचं बी टोकायचं. गवत वाळण्याआधी जाळरेषा, म्हणजे आग पसरू नये म्हणून गवत काढलेले पट्टे, काढायच्या. रोपं फक्त मोकळ्या जागी.

इथे खर्च राखणदारावर होतो, आणि कंपन्यांचं गणित तिथेच बिघडतं. सीएसआरचा (कंपन्यांच्या सामाजिक खर्चाचा) अहवाल रोपं मोजतो, फुटवे मोजत नाही. सीएसआरच्या नियमांतला ‘सुरू प्रकल्प’ (ongoing project, म्हणजे अनेक वर्षं चालणारा) म्हणून मंजुरी घेतली, तर पहिल्या वर्षानंतर खर्चाला आणखी ३ आर्थिक वर्षं मिळतात; करार तसाच करावा. चराईबंदी गावाशी बोलून, आळीपाळीने. गवत कापून न्यायची मुभा नसेल तर कुंपण टिकत नाही. गावाबाहेरच्या माळासाठी आमचं मत ठामपणे दुसऱ्या वाटेला.