अशोकाच्या सालीत आम्ही कसे फसलो

गेल्या आठवड्यात शेजारच्या जिल्ह्यातल्या एका वैद्यांनी मला मोबाइलवर प्रयोगशाळेच्या अहवालाचा फोटो पाठवला. "ताई, तुम्ही अशोकारिष्ट करता ना, जरा हा रिपोर्ट बघता का? माल उद्या येतोय." अहवाल क्रमांक वाचला आणि माझे हातपाय गार पडले. तोच क्रमांक, तीच तारीख, तोच शिक्का. आठ महिन्यांपूर्वी याच कागदावर विसंबून मी ४०० किलो माल उतरवून घेतला होता. त्यांना लगेच फोन करून थांबवलं. पण हा कागद आणखी किती जणांकडे फिरत असेल, या विचाराने रात्रभर झोप लागली नाही. म्हणून झालं ते सगळं लिहून काढते आहे.

आमचा कारखाना लहान आहे. सहा माणसं, अशोकारिष्टासारखी चार-पाच आसवारिष्टं (आंबवून केलेली पातळ औषधं), थोडी चूर्णं. खरेदी पूर्वी आबा, म्हणजे माझे सासरे, बघायचे. साल हातात घेऊन मोडायची, मोडलेल्या कडेकडे बघायचं, तुकडा चघळायचा आणि मगच भाव विचारायचा, ही त्यांची पद्धत. त्यांना दिसायला कमी झालं आणि खरेदी माझ्याकडे आली. मी बी.फार्म. झालेली. मला वाटायचं, चघळण्यापेक्षा प्रयोगशाळेचा कागद जास्त भरवशाचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. अशोक नावाची दोन झाडं आपल्याकडे रोज दिसतात. एक सीतेचा अशोक, शास्त्रीय नाव सराका असोका. फांदीवर, कधी थेट खोडालाच, केशरी-तांबड्या फुलांचे गुच्छ येतात. औषधाचा अशोक हाच. दुसरा सोसायट्यांच्या आणि शाळांच्या कुंपणाला लावलेला, सरळसोट उंच, लांब पानांच्या कडा लाटांसारख्या. तो पॉलिअल्थिया लाँगिफोलिया. त्याचं कुळ सीताफळाचं, सीतेच्या अशोकाशी त्याचं काही नातं नाही. पण बोलताना दोघंही 'अशोक'. खरा अशोक आता जंगलात विरळ झाला आहे, आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या यादीत तो धोक्यातल्या झाडांमध्ये आहे. खोटा मात्र रस्तोरस्ती आहे आणि महापालिकेची छाटणी झाली की गाडीभर मिळतो. भेसळ नेमकी इथे होते.

आठ महिन्यांपूर्वी ज्या व्यापाऱ्याकडून मी साल घेतली, त्याचा भाव नेहमीपेक्षा किलोमागे ३० रुपये कमी, १५० रुपये होता. मी अहवाल मागितला, त्याने त्याच दिवशी पाठवला. विजातीय द्रव्य २ टक्क्यांच्या आत, मद्यार्कात विरघळणारा अंश १५ टक्क्यांच्या वर, राख मर्यादेत, जड धातू मर्यादेत, ओळख चाचणी 'अनुरूप'. आयुर्वेदिक फार्माकोपियात, म्हणजे औषधांची अधिकृत मानकं देणाऱ्या ग्रंथात, अशोकाच्या सालीला जे हवं ते सगळं. मी तेवढ्यावर थांबले नाही. प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएलच्या संकेतस्थळावर प्रयोगशाळेची मान्यता पाहिली, वनौषधी तिच्या मान्यतेच्या व्याप्तीत आहेत हे पाहिलं, अहवालावरचा यूएलआर क्रमांक (प्रत्येक अहवालाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) घेऊन त्यांना फोन केला. "हो मॅडम, अहवाल आमचाच आहे," असं उत्तर आलं. माझं समाधान झालं. ६०,००० रुपये आगाऊ भरले. माल आला, २५ किलोंची १६ पोती. दोन पोत्यांची तोंडं उसवून वरची साल पाहिली. आतून तांबूस, तुरट, अगदी हवी तशी. पोती गोदामात गेली.

अशोकारिष्टाच्या ग्रंथोक्त मापात ४.८ किलो सालीला ९.६ किलो गूळ पडतो. आम्ही त्याच्या दहापट घाणा करतो. ४८ किलो साल, म्हणजे जवळजवळ दोन पोती, भरडून काढ्याला लावली, काढा चौथाई उरवला, ९६ किलो गूळ आणि धायटीची फुलं घालून संधानाला, म्हणजे आंबायला, ठेवलं. एकोणीस दिवस झाले होते. पुढच्या घाण्यासाठी तिसरं पोतं फोडलं आणि साल निवडायला बसलेल्या मावशी मला बोलवायला आल्या. त्या आबांच्या वेळेपासून आमच्याकडे आहेत. हातात दोन तुकडे. "ताई, हा खाऊन बघा, आणि आता हा." पहिल्याने जीभ ओढली गेली. दुसरा नुसता कडवट, लाकूड चावल्यासारखा. "पोत्याच्या तळाला सगळं हेच आहे," मावशी म्हणाल्या.

आम्ही पोतं ताडपत्रीवर उलटं केलं. मग दुसरं, मग तिसरं. संध्याकाळपर्यंत चौदाच्या चौदा. प्रत्येकात वर वीतभर खरी साल, खाली वेगळीच. निवडून खरी जेमतेम ५० किलो निघाली.

दुसऱ्या दिवशी तीन पुड्या घेऊन मी दुसऱ्या एका प्रयोगशाळेत गेले. वरची साल, तळाची साल आणि पहिल्या घाण्याचा उकळलेला चोथा, जो खतासाठी मागे टाकला होता. तिथल्या मॅडमनी आधी तळाच्या सालीचा पातळ छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि मला बघायला बोलावलं. सीताफळाच्या कुळात असतात तशा तेलाच्या पेशी आणि बाहेरच्या बाजूला नरसाळ्यासारखी रुंद होत गेलेली किरणं, म्हणजे आतून बाहेर जाणाऱ्या पेशींच्या रांगा. मग वरच्या सालीचा छेद. तिथे हे काही नाही, दगडी पेशी आणि कॅल्शियम ऑक्झलेटचे चौकोनी स्फटिक. चोथ्यात दोन्ही प्रकारचे तुकडे सापडले. उकळून पेशींच्या भिंती जात नाहीत, हे मी शिकलेले होते, पण त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. शेवटी एचपीटीएलसीची काचेची पट्टी. या चाचणीत सालीच्या अर्कातले घटक वेगळे होऊन पट्ट्यांसारखे दिसतात. शेजारी शेजारी चार रांगा, पहिली प्रमाणित अशोकाची. दुसरी, वरच्या सालीची, तिच्याशी पट्ट्याला पट्टा जुळत होती. तिसऱ्या, तळाच्या सालीच्या रांगेत कॅटेचिनच्या, म्हणजे खऱ्या सालीतल्या एका घटकाच्या, जागी काहीच नव्हतं. चौथी, चोथ्याची, तिथे अगदी फिकी रेघ.

मी जुना अहवाल पुढे केला. मॅडमनी तळाच्या बारीक अक्षरांतल्या दोन ओळींवर बोट ठेवलं. 'नमुना ग्राहकाने पुरवलेला. निष्कर्ष केवळ चाचणी केलेल्या नमुन्यास लागू.' ग्राहक म्हणजे तो व्यापारी. त्याने २०० ग्रॅम अस्सल साल स्वतः नेऊन दिली, फी भरली, खरा अहवाल घेतला. त्या प्रयोगशाळेने काहीच खोटं लिहिलेलं नव्हतं. त्या कागदाचा माझ्या पोत्यांशी संबंध आहे, हे फक्त व्यापारी म्हणत होता आणि मी मानलं होतं. अहवालावर लॉट क्रमांक, म्हणजे मालाच्या त्या खेपेचा क्रमांक, नव्हता. पोत्यांवरही नव्हता. इतकं तपासलं, पण हे जुळवून पाहायचं मला सुचलं नाही.

संधानाला ठेवलेला घाणा आम्ही ओतून दिला. आबा म्हणाले, "विचारायचं काय त्यात." खरं सांगते, तो अरिष्ट म्हणून उत्तम झाला होता. वास सुरेख, मद्यार्काचं प्रमाण बरोबर, पीएच बरोबर. कारण ते सगळं गूळ आणि धायटी करतात. तयार औषधाच्या नेहमीच्या चाचण्यांतून तो सहज पास झाला असता, आणि अंगावरून जास्त जातं म्हणून वैद्यांनी लिहून दिलेल्या एखाद्या बाईने महिना-दोन महिने जेवणानंतर तो भरवशाने घेतला असता. तिचे दिवस वाया गेले असते आणि तिला कधी कळलंही नसतं. पैशांपेक्षा मला ते जास्त लागलं. राग त्या माणसाचा येतो तो यासाठी.

त्याला फोन केला. "ताई, रिपोर्ट आहे ना तुमच्याकडे? लॅबवाल्यांना विचारा." वकिलांकडे गेले तर त्यांनी बिल मागितलं. बिलावर दोनच शब्द, 'अशोक साल'. वकील म्हणाले, तो उद्या म्हणेल की मी अशोकाचीच साल दिली, याला पण अशोकच म्हणतात. मी नोटीस पाठवली आहे, अन्न व औषध प्रशासनाला लेखी कळवलं आहे, पोती सील करून ठेवली आहेत. एक रुपयाही परत आलेला नाही. कच्चा माल तपासण्याची जबाबदारी कायद्याने उत्पादकावर, म्हणजे आमच्यावरच आहे, आयुर्वेदिक औषधं कशी बनवायची याचे नियम असलेल्या अनुसूची टी मध्ये ते स्पष्ट आहे. घाणा बाजारात गेला असता तर उत्तर मलाच द्यावं लागलं असतं.

आता आमच्या खरेदीच्या पत्रात 'सराका असोका, खोडाची साल' असं लिहिलेलं असतं आणि तेच शब्द बिलावर नसतील तर गाडी आत येत नाही. लॉट क्रमांक पोत्यावर, बिलावर आणि अहवालावर एकच हवा. नमुना आम्ही काढतो. पोत्यांच्या संख्येचं वर्गमूळ अधिक एक, म्हणजे १६ पोत्यांमागे ५ पोती, हा हिशेब बरेच जण धरतात. सालीसाठी मी तो धरत नाही. प्रत्येक पोतं ताडपत्रीवर उलटं होतं, वर-मध्ये-तळ अशी साल घेऊन ढीग करायचा, त्याचे चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवायचे, असं करत पाव किलोवर आणायचं. त्यातला अर्धा नमुना प्रयोगशाळेला, अर्धा सीलबंद आमच्याकडे, त्यावर व्यापाऱ्याच्या माणसाची सही. झाडाच्या ओळखीबद्दलच शंका असेल तर पुण्यात आघारकर संशोधन संस्था आहे, भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं केंद्र आहे. अहवाल येईपर्यंत निम्मे पैसे माझ्याकडे. या अटी ऐकून दोन व्यापाऱ्यांनी फोन ठेवला, तिसरा कबूल झाला. आता साल त्याच्याकडूनच येते, किलोला १९० रुपयांनी.

वैद्यांचा दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. गाडी दारात उभी होती, त्यांनी चालकासमोर एक पोतं उलटं करायला लावलं. वर तांबूस, तळाला पांढरट. चघळून बघितली का, मी विचारलं. "बघितली," ते म्हणाले, "जीभ ओढत नाही." माल त्यांनी उतरवून घेतला नाही. गाडी तिथून पुढे कुठे गेली, ते चालकाने सांगितलं नाही.