भाड्याने द्यायच्या पहिल्या फ्लॅटसाठी ‘मॅक्सगेन’ कर्ज घ्यावं का?

स्टेट बँकेचं मॅक्सगेन म्हणजे ओव्हरड्राफ्टच्या रूपातलं गृहकर्ज. हातातले जादा पैसे कर्जखात्यात ठेवले की तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही आणि गरज पडली की ते काढता येतात. भाड्याने द्यायच्या घरासाठी ही सोय नेमकी उपयोगी, कारण भाडेकरूचं डिपॉझिट आज ना उद्या परत करायचंच असतं. तोवर ते इथे पडून राहिलं तर व्याज वाचवतं. घर दोन महिने रिकामं राहिलं तर हप्त्याची तजवीजही इथूनच होते.

व्याजदर मात्र साध्या गृहकर्जापेक्षा थोडा चढा. समजा ४० लाखांचं कर्ज, २० वर्षं, दर ८.५ टक्के, तर हप्ता सुमारे ३४,७०० रुपये. मॅक्सगेनचा दर पाव टक्का जास्त धरला तर पहिल्या वर्षी साधारण १०,००० रुपये जादा व्याज. ते भरून निघायला खात्यात सरासरी १ लाख १५ हजारांच्या आसपास पडून हवेत. तेवढे राहणार नसतील तर साधं कर्ज घ्या.

मुख्य गफलत मात्र सुरुवातीच्या रकमेत होते. ३० ते ७५ लाखांच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के देते आणि त्या किमतीत मुद्रांक शुल्क, नोंदणी धरत नाही. पुण्यात ५० लाखांच्या फ्लॅटला स्वतःचे १० लाख, ७ टक्क्यांनी साडेतीन लाख मुद्रांक आणि ३०,००० नोंदणी: १३ लाख ८० हजार. खरेदी बाईच्या नावावर असेल तर मुद्रांकात १ टक्का सूट. फर्निचर, सोसायटीचं ट्रान्सफर वेगळंच.

भाडं १५,००० आलं तरी दरमहा जवळपास २०,००० पदरचे जातात, वर सोसायटीचा मेंटेनन्स. हे झेपणार नसेल तर कुठलंही कर्ज नको.

करात एक गोम आहे. खात्यात ठेवलेली रक्कम मुद्दलफेड धरली जात नाही, त्यामुळे जुन्या करपद्धतीत त्यावर वजावट मिळत नाही. नव्या करपद्धतीत भाड्यापेक्षा जास्त झालेलं व्याज पगारातून वजा करता येत नाही. हिशेब त्याप्रमाणे मांडा, एजंट सांगेल तसा नको.