बटणांचा फोरजी फोन : मुंबईत काही महिने वापरल्यानंतर

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर मी बटणांचा साधा फोरजी फोन घेतला आणि स्मार्टफोन घरीच ठेवू लागले. मुलुंड ते सीएसएमटी असा रोजचा प्रवास, फोर्टमधली नोकरी आणि घरी वयस्कर सासूबाई अशा दिनक्रमात हा फोन कितपत पुरतो, हे आता खात्रीने सांगता येईल.

बोलण्यासाठी तो उत्तम आहे. गर्दीच्या डब्यातही आवाज स्पष्ट येतो आणि चार्जरची रोज आठवण ठेवावी लागत नाही. मराठीत संदेश लिहिणे मात्र कष्टाचे आहे, कारण एकेका बटणावर अनेक अक्षरे असतात आणि जोडाक्षर आले की बोट अडखळते. शिवाय रोमन लिपीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरे मावतात, तर देवनागरीत फक्त ७०, त्यामुळे जरा सविस्तर लिहिले की एकाचे दोन-तीन एसएमएस मोजले जातात. परिणामी मी सरळ फोन लावू लागले आणि बहिणीशी बोलणे वाढले, याचा मला मनापासून आनंद आहे.

रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये साध्या फोनसाठी ‘यूपीआय १२३पे’ सुरू केले. घरी निवांत बसून पैसे पाठवायला ते चांगले आहे, पण भाजीवाल्यासमोर, मागे माणसे खोळंबलेली असताना, फोनवरच्या सूचना ऐकत आकडे दाबणे जमत नाही. त्यामुळे पाकिटात पुन्हा सुट्टे पैसे आले. बेस्ट बसचे किमान भाडे मे २०२५ पासून १० रुपये झाल्याने दहाच्या नोटा जपून ठेवते. रेल्वेचा तिमाही पास खिडकीवर मिळतो, तेव्हा तिथे अडचण नाही.

सारखा फोन पाहण्याची सवय सुटणे सर्वांत अवघड जाईल असे वाटले होते. ती महिन्याभरात सुटली. जे सुटत नाही ते वेगळेच आहे. कुर्ला-शीव पट्ट्यात पाणी भरून गाड्या खोळंबल्या, तेव्हा फलाटावर ‘गाड्या विलंबाने धावत आहेत’ यापलीकडे काहीच कळत नव्हते. शेजारच्या बाईंनी एम-इंडिकेटर या लोकल प्रवासाच्या ॲपवरचे प्रवाशांचे संदेश वाचून दाखवले, म्हणून मी बसचा रस्ता धरला. इंटरनेटवरचे माझे अवलंबित्व संपले नव्हते, ते मी त्या बाईंच्या फोनवर टाकले होते. व्हॉट्सॲपही पूर्ण सोडता आले नाही. घरच्या लॅपटॉपवर ते चालते, पण मूळ फोन १४ दिवस वापरला नाही तर लॅपटॉपवरचे खाते आपोआप बंद होते, म्हणून स्मार्टफोन अधूनमधून उघडावाच लागतो.

सर्वांत जास्त खटकले ते आमच्या सोसायटीत. फाटकावर कोणी आले की परवानगी आता ॲपवरच मागितली जाते. सासूबाईंना बघायला येणाऱ्या नर्सला मी कामावर असताना खाली ताटकळावे लागले, कारण सूचना घरातल्या बंद कपाटातल्या स्मार्टफोनवर वाजत होती आणि सासूबाईंना तो फोन हाताळता येत नाही. हा दोष फोनचा नाही. प्रत्येकाच्या हातात स्मार्टफोन आहेच, असे गृहीत धरून केलेल्या व्यवस्थेचा आहे. इमारतीत एकट्या राहणाऱ्या इतर ज्येष्ठांचीही हीच अडचण असल्याने इंटरकॉम चालू ठेवावा, असा लेखी अर्ज मी कमिटीला दिला आहे. त्यावर निर्णय होईपर्यंत स्मार्टफोन दिवसभर सासूबाईंच्या उशाशी ठेवते आणि तो उचलायला शेजारच्या काकू येतात.