जुनी कागदपत्रं युनिकोडमध्ये: दांडिया बाजारातलं स्कॅनिंगचं दुकान

बडोद्यात दांडिया बाजारातल्या या दुकानात जुनी मराठी पुस्तकं, संस्थांचे अहवाल, घरचे छापील कागद युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता-शोधता येणाऱ्या मजकुरात, करून मिळतात. दर दोन आहेत: नुसता मशीनने वाचलेला मजकूर आणि माणसाने तपासलेला. दुसरा पहिल्याच्या तिप्पट. तोच घ्या.

हिशेब करून बघा. मशीन ९९ टक्के अचूक धरलं तरी १,५०० अक्षरांच्या पानावर १५ चुका राहतात. घ-ध, भ-म यांची अदलाबदल आणि गळालेले अनुस्वार तर ठरलेलेच. मशीनमध्ये निवडलेली भाषा हिंदीवर राहिली, की 'ळ'चा 'ल' होतो. त्यात आपल्याकडे एकाच फायलीत मराठी आणि गुजराती पानं असतात. गुजरातीला शिरोरेषा नाही, त्यामुळे भाषा पानागणिक निवडावी लागते. इथे सगळा गठ्ठा एकदम लावतात आणि घोळ होतो. पानं आधीच वेगळी करून द्या, टाचण्या काढून.

स्कॅनिंग मात्र चोख. ३०० डीपीआय (इंचामागे ३०० ठिपके), बारीक टाइपाला ४००, तेही ग्रेस्केलमध्ये, म्हणजे करड्या छटांसह. निव्वळ काळं-पांढरं घेतलं तर पुसट शिरोरेषा तुटते आणि एका शब्दाचे दोन होतात. मोडी लिपीतले कागद घेत नाहीत.

आता तपासणीचं. जुनं ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर) चुकलं की भलतंच काही उमटायचं, ते लगेच खटकायचं. आताची एआय मॉडेलं न लागलेल्या जागी शोभेलसा शब्द बसवतात. वाक्य गुळगुळीत, चूक आत लपलेली. म्हणून मूळ पान शेजारी ठेवून शब्द न् शब्द जुळवावा लागतो. नावं, रकमा, सर्व्हे नंबर दोनदा. हे काम पूर्वी टायपिंग करणाऱ्या ताईच करतात. मजुरी अजून पानामागेच, मुदत मात्र निम्मी, कारण 'टाइप तर मशीन करतं'. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२३च्या अभ्यासात कारकुनी कामांपैकी २४ टक्के कामं जनरेटिव्ह एआयच्या सर्वाधिक प्रभावाखाली, तर ५८ टक्के मध्यम प्रभावाखाली येणारी ठरली. नोकऱ्या सरसकट जाण्यापेक्षा कामाचं स्वरूप बदलेल, असाही त्याचा निष्कर्ष होता. बदललेलं स्वरूप या दुकानाच्या मागच्या टेबलावर दिसतं, फक्त दरपत्रकात ते अजून उतरलेलं नाही.

मोठं काम देण्याआधी सर्वात खराब पाच पानांचा नमुना मागा. वर्ड फायलीसोबत स्कॅनची पीडीएफही घ्या, चूक दाखवायला तीच लागते. आणि 'अर्जंट' घेऊ नका. त्यात कात्री तपासणीलाच लागते.