गाडीला सायकल रॅक घेताय? माझं काय झालं ते आधी वाचा

आमच्या हॅचबॅकला मागे हिच (ट्रेलर किंवा रॅक जोडायचा लोखंडी सांधा) नाहीये, आपल्याकडे बहुतेक गाड्यांना नसतोच, त्यामुळे सायकली न्यायच्या तर एकतर टपावर नाहीतर डिकीला पट्ट्यांनी बांधायचा रॅक. चौदा-पंधरा किलोची एमटीबी, म्हणजे माउंटन बाईक, टपावर चढवणं मला एकटीला जमत नाही म्हणून डिकीचा घ्यायचं ठरवलं. मोबाईलवर एकाची जाहिरात दिसली, पुण्यातलाच माणूस, त्याला गाडीचा मागून फोटो पाठवला आणि स्पष्ट विचारलं की वरचा स्पॉयलर (मागच्या काचेच्या वर बाहेर आलेली पट्टी) प्लास्टिकचा आहे, मग हुक अडकवायचे कुठे? तर म्हणे "मॅडम टेन्शन नका घेऊ, सगळ्या गाड्यांना बसतो, ३५ किलोपर्यंत काही होत नाही." ६५०० रुपये आधी यूपीआयने घेतले.

खोका आला त्यावर ना कंपनीचं नाव, ना एमआरपी, ना माल कुठल्या देशातला ते. आत माहितीपत्रक पण नव्हतं. बिल मागितलं तर साध्या कागदावर हाताने लिहिलेल्या पावतीचा फोटो पाठवला. तिथेच थांबायला हवं होतं मी, पण शनिवारी पहाटे लेकीबरोबर पाचगणीला जायचं ठरलेलं, तिच्या मैत्रिणी पुढे गेलेल्या, म्हणून त्याने पाठवलेला व्हिडिओ बघून रात्रीच रॅक बसवून टाकला.

शिरवळ मागे पडलं, खंबाटकी घाट सुरू झाला आणि एक बाईकवाला शेजारी येऊन जोरजोरात मागे हात दाखवायला लागला. कडेला घेतली गाडी. रॅक वीतभर खाली घसरला होता, लेकीच्या सायकलचं मागचं टायर सायलेन्सरपासून चार बोटांवर, आणि गरम हवेने टायरची बाजू मऊ पडून चकाकत होती. वरचा एक हुक सेफ्टी पिन उघडावी तसा उघडलेला, स्पॉयलरला कोपऱ्यात तडा. पट्टी हाताने ओढली तर बकलमधून सरळ सरकत होती, बकलचे दात प्लास्टिकचे, निम्मे झिजलेले, पहिल्याच दिवशी! मागून ट्रक येत होते. सायकल सुटून एखाद्या टू-व्हीलरवाल्याच्या पुढ्यात पडली असती तर काय झालं असतं हा विचार अजून रात्री येतो. त्या बाईकवाल्या दादांचे आभार मानायचे पण राहिले, ते थांबलेच नाहीत.

पुढची चाकं काढून, मागची सीट पाडून दोन्ही सायकली कशाबशा आत बसवल्या, घाट उतरलो आणि बोगद्यातून परत पुण्याला. लेक वाटभर एक शब्द बोलली नाही.

खरी गोष्ट घरी आल्यावर कळाली. रॅक पुसताना ३५ किलोच्या स्टिकरचा कोपरा सुटला, नखाने ओढला तर खाली मूळ छपाई. एकच सायकल, जास्तीत जास्त १५ किलो, आणि शेजारी स्पॉयलरवाल्या गाडीच्या चित्रावर फुली! म्हणजे हे चुकून झालेलं नाही, कुणीतरी मुद्दाम वर दुसरं स्टिकर चिकटवलं आणि माहितीपत्रक काढून घेतलं. त्याला फोन केला तर "फिटिंग तुम्ही केलंत, आमचा काय दोष, नो रिटर्न नो रिफंड" आणि लगेच ब्लॉक. स्पॉयलर आणि डिकीच्या कडेचा पत्रा-पेंट धरून गॅरेजवाल्या काकांनी ७२०० सांगितले, रॅकपेक्षा जास्त.

कृपा करून एवढं करा. थुले, सॅरिससारख्या कंपन्यांच्या साइटवर कुठला रॅक कुठल्या गाडीला बसतो ते बघता येतं, आपलं मॉडेल त्यात नसेल तर दुकानदार काहीही म्हणो, घेऊ नका. दोन सायकलींचं वजन घरच्या काट्यावर करा. टपावरचा घेणार असाल तर गाडीच्या मॅन्युअलमध्ये टपाची लोड लिमिट बघा, त्यात आडव्या बारचं वजनही धरायचं असतं. डिकीवर बांधल्यावर नंबर प्लेट आणि मागचे लाईट झाकले जाता कामा नयेत, आणि निघाल्यावर दहा-पंधरा किलोमीटरवर थांबून पट्ट्या परत आवळायच्याच.

आणि "नो रिफंड" ऐकून गप्प बसू नका. २०१९ च्या ग्राहक कायद्यात सदोष वस्तू बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि तसं काही लिहिलं नसेल तर ३० दिवसांत परत न घेणं ही अनुचित व्यापार प्रथा धरली आहे. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला १९१५ वर फोन केला, स्टिकरचे दोन्ही फोटो, यूपीआयचा स्क्रीनशॉट आणि त्याचे "सगळ्या गाड्यांना बसतो" वाले मेसेज जोडले. तेविसाव्या दिवशी ६५०० परत आले. स्पॉयलरचे मात्र देणार नाही म्हणतोय, त्यासाठी आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकतेय, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाहीये. रॅक तसाच ठेवलाय, स्टिकर अर्धवट सोललेल्या अवस्थेत, पुरावा म्हणून.