क्यूब पाण्यातच होते आणि पेपर छापून आला

शोधनिबंध छापायच्या आणि पीएचडी पुढे ढकलायच्या नादात एकूण तीन सेवा वापरल्या. पहिलीला एक तारा, दुसरीला शून्य, तिसरीला चार. पाचवा का कापला ते पुढे येईलच.

आधी माझी ओळख, म्हणजे रिव्ह्यू कुठून आलाय ते कळेल. मी सिव्हिलची. कात्रजच्या बाजूला एका खासगी अभियांत्रिकी कॉलेजात चौदा वर्षं शिकवतेय आणि विद्यापीठात पार्ट-टाइम पीएचडी रखडत रखडत चालू आहे. विषय उसाच्या बगॅसची, म्हणजे रस काढून उरलेल्या चिपाडाची, राख. कारखान्याच्या बॉयलरमधून ही राख ढिगानं निघते, रस्त्याकडेला पडते, वाऱ्यानं उडून वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते. तीच सिमेंटऐवजी थोड्या प्रमाणात काँक्रीटमध्ये घातली तर काय होतं, हे मी बघते. थोडक्यात, दीडशे मिलिमीटरचे क्यूब टाकायचे, टाकीत भिजत ठेवायचे आणि ठरल्या दिवशी मशीनखाली फोडायचे. नवरा म्हणतो, तुझा रिसर्च म्हणजे पगारी तोडफोड.

पहिली सेवा. आमच्या स्टाफच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर महिन्याला एक जाहिरात फिरते, ‘अर्जंट कॉल फॉर पेपर्स’. नियतकालिकाचं नाव ‘इंटरनॅशनल’नं सुरू होतं आणि श्वास संपेपर्यंत संपत नाही. विषयांच्या यादीत भौतिकशास्त्र, स्थापत्य, औषधनिर्माण, वाणिज्य, योग, गृहविज्ञान, सगळं काही. एकाच काउंटरवर मिसळ, डोसा आणि मंचुरियन मिळणाऱ्या हॉटेलात शिरताना जी शंका येते ती मला तेव्हाच यायला हवी होती. पण कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकची टीम यायची होती, प्रिन्सिपल सरांना विभागवार पेपरांची संख्या हवी होती आणि माझ्या नावापुढे त्या वर्षी शून्य होतं.

फोन केला. पलीकडचा मुलगा अतिशय नम्र. ‘मॅडम, आज पैसे भरले तर गुरुवारपर्यंत सर्टिफिकेट हातात. अठराशे. दुसऱ्या लेखकाचे तीनशे एक्स्ट्रा.’ मी विचारलं, रिव्ह्यू, म्हणजे छापण्याआधीची तज्ज्ञांची तपासणी, कोण करतं? ‘तुम्ही टेन्शन घेऊ नका मॅडम, ते आम्ही बघतो.’

सोमवारी पाठवला, बुधवारी स्वीकारला. सोबत समीक्षकाचा तक्ता आला. नावीन्य, मांडणी, निष्कर्ष, सगळ्यापुढे ‘एक्सलंट’वर टिकमार्क. खाली अभिप्राय एकच: टेबलची बॉर्डर जाड करा. मी जाड केली.

आता मुद्दा असा, की माझे क्यूब तेव्हा टाकीत होते. सात दिवसांचे आकडे हातात होते आणि अठ्ठावीस दिवसांच्या रकान्यात मी ‘प्रतीक्षेत’ असं लिहून ठेवलं होतं. वाटलं होतं, समीक्षक विचारेलच, तोवर आकडे येतील. कुणीही विचारलं नाही. तो रकाना तसाच, जाड बॉर्डरमध्ये, छापून आला. आमच्या लॅबमधल्या काकांना प्रिंट दाखवली तर ते टाकीकडे बोट करून म्हणाले, ‘अहो मॅडम, हे अजून पाण्यातच आहेत की.’

एक तारा लॅमिनेशनला. सर्टिफिकेट जाड कागदावर होतं, सोनेरी शिक्का होता आणि लॅमिनेशनमध्ये एकही बुडबुडा नव्हता.

जाहिरातीतल्या दोन गोष्टींबद्दल सांगते, कारण माझ्यासारखे अजून फसतात. ‘आयएसएसएन प्राप्त’ हे मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं. तो दर्जाचा शिक्का वगैरे काही नाही, गाडीच्या नंबरप्लेटसारखा ओळखीचा क्रमांक आहे. नंबरप्लेट लागली म्हणून ड्रायव्हरला गाडी येते असं होत नाही. दुसरं, ‘इम्पॅक्ट फॅक्टर’. खरा आकडा क्लॅरिव्हेट ही कंपनी वर्षातून एकदा काढते. आधीच्या दोन वर्षांतल्या लेखांना त्या वर्षी सरासरी किती वेळा संदर्भ म्हणून घेतलं गेलं, याचा तो हिशेब असतो. त्याच्यासारखी नावं घेऊन भलतेच आकडे विकणाऱ्याही संस्था आहेत आणि माझ्या नियतकालिकानं अशाच एकीचा आकडा मिरवला होता.

आणि हे सगळं मला पुण्यात बसून कळू नये? याची झाडाझडती तर आपल्याच विद्यापीठात झाली होती. भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये विश्लेषण छापलं. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, मान्यताप्राप्त यादीत विद्यापीठांच्या शिफारशीवरून घुसलेली नियतकालिकं त्यांनी तपासली, तर मान्यवर सूच्यांत नसलेल्यांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक हलक्या दर्जाची असावीत असं निघालं. कुणाचा पत्ताच नाही, कुणाचे संपादक कोण ते कळत नाही, कुणाचा आयएसएसएनच चुकीचा. त्यानंतर मान्य नियतकालिकांची नवी ‘केअर’ यादी आली, २०२५ च्या फेब्रुवारीत यूजीसीनं तीही बंद केली आणि कुठं छापायचं हे ठरवण्याची जबाबदारी संस्थांवर टाकली. म्हणजे आमच्याकडे प्रिन्सिपल सरांवर. सर माणूस चांगला आहे, पण त्यांना आकडा आवडतो.

त्याआधीचाही एक किस्सा आहे. २०१३ मध्ये जॉन बोहॅनन नावाच्या पत्रकारानं ‘सायन्स’साठी मुद्दाम ढोबळ चुका घातलेला एक खोटा शोधनिबंध तयार केला आणि थोडे थोडे बदल करून ३०४ मुक्त, म्हणजे वाचायला फुकट असलेल्या, नियतकालिकांना पाठवला. १५७ नी स्वीकारला, ९८ नी नाकारला. मी बोहॅनन नव्हते, माझा पेपर खरा होता. नुसता अर्धा होता.

दुसरी सेवा पटकन उरकते, तिच्यावर जास्त शब्द घालवण्यात अर्थ नाही. प्रबंधाचं पहिलं प्रकरण साम्य तपासणीत, म्हणजे मजकूर दुसरीकडून उचललाय का ते बघतात तिथं, अडकलं, कारण मानकांतली चाचणीची पद्धत मी जशीच्या तशी उतरवली होती. कुणीतरी ‘प्लॅग रिमूव्हल’वाल्याचा नंबर दिला. पानाला साठ रुपये. दोन दिवसांनी फाइल आली. साम्य खरंच उतरलं होतं, कारण ‘कॉम्प्रेसिव्ह स्ट्रेंथ’चं ‘स्क्वीझिंग पॉवर’ झालं होतं. सॉफ्टवेअरमधून शब्द पिळून काढले की असं होतं. फ्रान्समधल्या गियोम काबानाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये अशा छळलेल्या शब्दांचा संग्रहच मांडला. छापील विज्ञानात त्यांना ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’च्या जागी ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’ सापडलं होतं. माझं प्रकरण मी रात्री बसून स्वतःच्या शब्दांत लिहिलं. शून्य तारे.

तिसरी सेवा. गाइड सरांनी पहिला छापील पेपर बघितला, तो ‘प्रतीक्षेत’चा रकाना बघितला, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, ‘हे कुठंही दाखवू नका. पूर्ण करा आणि नीट ठिकाणी पाठवा.’ बांधकाम साहित्यावरचं एक जुनं नियतकालिक त्यांनी सुचवलं. लेखकाकडून फी शून्य, कारण तिथं पैसे वाचणारा भरतो. लेख सगळ्यांसाठी खुला हवा असेल तर मात्र लेखकानं भरायचे. हे दर कुठवर जातात, तर ‘नेचर’नं २०२० मध्ये जाहीर केलेला आकडा ९,५०० युरोंचा होता. मी अर्थातच फुकटचा रस्ता धरला.

पाठवल्यावर चार महिने शांतता. मग एका गुरुवारी, विद्यापीठ चौकात रिक्षात अडकलेली असताना ईमेल आला: मेजर रिव्हिजन, म्हणजे मोठ्या सुधारणा करून परत पाठवा. दोन समीक्षक, नावं गुप्त. त्यांना माझं नाव दिसत होतं, मला त्यांचं नाही. पहिल्यानं चौदा मुद्दे लिहिले होते. सिग्नल तीनदा सुटला तरी रिक्षा चौक ओलांडेना, तेवढ्यात मी ते सगळे वाचून काढले आणि संतापले.

मुद्दा क्रमांक तीन असा होता: दहा टक्के राख घातलेल्या काँक्रीटची ताकद साध्यापेक्षा वाढली असं तुम्ही म्हणता. वाढ एकेरी टक्क्यांत आहे. क्यूब प्रत्येकी तीनच. तिन्हींमध्ये आपसात फरक किती, ते कुठं दिलंय?

आमच्या आयएस ४५६ मध्ये, म्हणजे काँक्रीटच्या भारतीय मानकात, लिहिलेलं आहे, की तीन क्यूबची सरासरी घ्यायची तर एकाही क्यूबचा आकडा सरासरीपासून अधिक-उणे १५ टक्क्यांपेक्षा लांब नको. हे मी तिसऱ्या वर्षाच्या मुलांना चौदा वर्षं शिकवतेय, परीक्षेत विचारतेय, न लिहिणाऱ्यांचे मार्क कापतेय. क्यूबच आपसात एवढे हलू शकतात तर माझी ती चिमूटभर वाढ कशाची, राखेची की नशिबाची? रिक्षावाले काका आरशातून बघत होते. ‘काय झालं ताई, काही वाईट बातमी?’ म्हटलं, नाही काका, पेपर परत आलाय. ‘मुलाचा का?’

मुद्दा क्रमांक सात आणखी खोलात गेलेला. सिमेंट पाण्याशी मिसळलं की कॅल्शियम हायड्रॉक्साइडही तयार होतं. राखेतली सिलिका त्याच्याशी जुळून आणखी बांधणारा पदार्थ बनवते, म्हणून ताकद वाढते, हे माझं स्पष्टीकरण. समीक्षकाचं म्हणणं, ते तेव्हाच खरं जेव्हा सिलिका स्फटिक न झालेली असेल. तुमची राख बॉयलरमध्ये किती तापली? जास्त तापली असेल तर सिलिका स्फटिक होऊन सुस्त पडते. एक्स-रे डिफ्रॅक्शन, म्हणजे स्फटिक आहेत का हे दाखवणारी चाचणी, करून दाखवा. जळायचा राहिलेला कोळसा किती, तेही सांगा. आणि शक्य असेल तर राखेइतकीच बारीक, पण कशाशीच न जुळणारी क्वार्ट्झची भुकटी घालून तेच क्यूब टाका. कदाचित तुमची राख काहीच रासायनिक करत नसेल, नुसती फटी बुजवत असेल.

वाचून आधी राग, मग घरी पोचेपर्यंत लाज, आणि रात्री भांडी घासताना एकदम कुतूहल. खरंच, नुसत्या फटीच बुजत असतील तर?

रागाबद्दल आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्र संस्थेतल्या एका मैत्रिणीनं सांगितलेली गोष्ट उपयोगी पडली. १९३६ मध्ये आइनस्टाइननं नेथन रोझेनबरोबर एक निबंध ‘फिजिकल रिव्ह्यू’ला पाठवला. गुरुत्वीय लहरी नसतातच, असा त्याचा सूर. संपादक जॉन टेट यांनी तो परस्पर समीक्षकाकडे धाडला. आइनस्टाइन भडकला. छापायला पाठवला होता, छापण्याआधी तज्ज्ञांना दाखवायला कुणी सांगितलं, अशा अर्थाचं पत्र लिहून त्यानं निबंध परत घेतला. समीक्षक होते हॉवर्ड रॉबर्टसन आणि त्यांनी धरलेली चूक खरीच होती. पुढच्या वर्षी निबंध दुसरीकडे छापून आला तो निष्कर्ष बदलूनच. मैत्रीण म्हणाली, ‘तू फक्त क्यूब टाक. तुझं त्याच्यापेक्षा सोपं आहे.’

सोपं कसलं. सुधारणेला मुदत साठ दिवस, आणि राखेसारखे पदार्थ काम करतात ते सावकाश, म्हणजे अठ्ठावीस दिवसांवर थांबून भागणार नव्हतं, नव्वद दिवसांचे क्यूब फोडणं भाग होतं. संपादकांना लिहिलं, काँक्रीटला घाई चालत नाही, मुदत वाढवून द्या. दुसऱ्या दिवशी एका ओळीत उत्तर, दिली. काकांनी आणि मी पुन्हा साचे लावले, या वेळी प्रत्येकी बारा क्यूब. लॅबमध्ये चालायला जागा उरली नाही. दिवाळीच्या सुट्टीतसुद्धा काका टाकीतलं पाणी बघायला येत होते.

अठ्ठावीस दिवसांना राख आणि क्वार्ट्झची भुकटी यांत सांगण्यासारखा फरक दिसला नाही. म्हणजे तोवर समीक्षक बरोबर, फटीच बुजत होत्या. नव्वद दिवसांना राख पुढे गेली. म्हणजे मीही बरोबर, पण भलत्याच तारखेला. पेपरचं शीर्षक बदलावं लागलं. आता तो पेपर आधीपेक्षा बुटका दावा करतो आणि तो दावा मी कुणासमोरही उभी राहून सांगू शकते.

दुसऱ्या समीक्षकाबद्दल मात्र बोलायलाच हवं. त्यांचा अभिप्राय सहा ओळींचा, त्यातल्या पाच ओळी म्हणजे पाच निबंध, ‘यांचा संदर्भ घ्यावा’. पाचही निबंधांत एक नाव समान. दोन कामाचे होते, घेतले. बाकीचे तीन डांबरी रस्त्यांवरचे होते, तिथं सविनय नकार लिहिला. संपादकांनी काही म्हटलं नाही. अर्धा तारा इथं गेला.

उरलेला अर्धा वाचण्याच्या दारात गेला. संशोधन नियतकालिकं वाचायला मिळावीत म्हणून सरकारनं ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ आणलंय. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं. योजना चांगली आहे, पण ती सरकारी संस्थांसाठी, आणि आमचं कॉलेज खासगी. माझा पेपर माझ्याच शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला उघडत नाही. त्याला मी प्रिंट दिली, ती त्यानं डब्याखाली ठेवलेली बघितली.

तरी चार तारे, आणि ते मुख्यतः पहिल्या समीक्षकाचे. त्या माणसाला, किंवा बाईंना, या कामाचा एक पैसा मिळाला नाही, माझं तोंड माहीत नाही आणि तरी त्यांनी माझे क्यूब मोजले. एकूण अकरा महिने लागले. अठराशे रुपये वाचले असं म्हणणार होते, पण एक्स-रे डिफ्रॅक्शनला त्याहून जास्त गेले. ते बिल पाच महिने कॉलेजच्या अकाउंट्समध्ये पडून आहे. ‘समीक्षकानं मागितलं’ हे कारण त्यांच्या फॉर्ममध्ये बसत नाही. पहिल्या सेवेचे अठराशे मात्र आठ दिवसांत पास झाले होते, सोबत सर्टिफिकेट होतं ना.